चिमणीवरची पाटी

माझी जीभ तिखट आहे, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. आईने रागावून सांगितलं, धाकट्या बहिणीने रडून, नवऱ्याने लग्नानंतर आठवडाभरातच हसत हसत. सासूबाई तेवढ्या कधी काही बोलल्या नाहीत. त्या ऐकून घ्यायच्या आणि जे ऐकलं ते पाळायच्या. घरात आपलं कुणीतरी ऐकतंय याचं मला तेव्हा बरंच वाटायचं.

सासूबाईंना दम्याचा त्रास होता. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं रांधलं होतं, आधी कोळशाच्या शेगडीवर, मग रॉकेलच्या स्टोव्हवर. तिथल्या स्वयंपाकघराची एकुलती खिडकी जिन्यात उघडायची, त्यामुळे धूर जिन्यात जायचा आणि जिन्यातून परत आत यायचा. आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. छातीचे डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "जेवढी फुप्फुसं गेली तेवढी गेली. ती काही परत यायची नाहीत. उरलीत ती सांभाळा. फोडणीचा, तळणाचा धूर यांच्या छातीत जाता कामा नये."

स्वयंपाकच करू नका, असंही ते म्हणाले होते. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग दिवसभर काय करू? टीव्हीच्या कव्हराकडे बघत बसू?"

आमच्याकडे प्रत्येक वस्तूला कव्हर होतं, आणि ती सगळी त्यांनीच शिवलेली. टीव्हीला, मिक्सरला, फ्रिजच्या डोक्यावर, फोनला. रिमोट ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आला त्याच पिशवीत राहायचा आणि बटणं वरूनच दाबायची. नवीन वस्तू मळली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणाला ताप आलाय.

मी तेव्हा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधून काढायच्या आणि त्याला तोंडावर दाखवायच्या. माझ्या स्वभावाला ते काम फारच मानवलं होतं. सकाळी सव्वासातला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, ती संध्याकाळी साडेसातला तिथेच आणून सोडायची. सकाळी चहा आणि पोळ्या तेवढ्या मी उरकून जायचे, बाकीचा स्वयंपाक संध्याकाळी सासूबाईंचा. घरात माणसं तीनच, आणि त्यातलाही एक लवकरच कमी झाला. नवऱ्याला त्याच्या कंपनीने दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं.

जाण्याआधी पंधरा दिवस त्याने चिमणी बसवून घेतली. गॅसच्या वर टांगलेली, स्टीलची, तीन बटणांची. बटण दाबलं की खालचा धूर आणि वाफ घों-घों करत आत ओढायची आणि खिडकीच्या काचेतून काढलेल्या पाइपातून बाहेर सोडायची. आमच्या सोसायटीत तेव्हा अशी तिसरीच. शेजारच्या बायका बघायला आल्या. सासूबाईंनी पदराने तिच्यावरची बोटं पुसली आणि म्हणाल्या, "हिला कव्हर कसं शिवायचं गं?"

निघताना नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला धुराचा त्रास होऊ देऊ नकोस. एवढं एक बघ." मी म्हटलं, "चिमणी आणलीयेस ना? मग झालं तर."

धूर ओढणारी वस्तू घरात आली की ती घासणारंही कुणीतरी लागतं, हे आम्हाला विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. चिमणीच्या पोटाशी दोन जाळ्या असतात. धुरातलं तेल त्यांच्यावर बसतं आणि ओघळून खालच्या छोट्या वाटीत साठतं. दोन-तीन आठवड्यांत जाळ्यांची भोकं चिकटून बुजायला लागतात. मग रविवारी सकाळी ड्राय बाल्कनीत जुने पेपर अंथरायचे, बादलीत कढत पाणी आणि धुण्याचा सोडा कालवायचा, जाळ्या त्यात तासभर बुडवायच्या आणि जुन्या टूथब्रशने एकेक घर घासत बसायचं. तो चिकटा म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने घासलंय त्यालाच ठाऊक. नखांत जातो, केसांत जातो, साबणाने हात धुतले तर साबणच तेलकट होतो. वर त्याचा तो खवट वास दुपारच्या जेवणापर्यंत नाकात.

सासूबाईंना सोड्याच्या वाफेने ढास लागायची, म्हणून त्यांना मी बाल्कनीत पाऊल ठेवू द्यायचे नाही. पण तोंड बंद ठेवीन तर शपथ. "आठवड्यात एक रविवार मिळतो, तोही या बयेच्या पोटात." "सहा दिवस कंपनीची गुलामी, सातव्या दिवशी चिमणीची." खरं तर शनिवारीही सुट्टी असायची, पण भांडताना मी कधी हिशेब नीट ठेवला नाही. त्यात सासूबाईंचं तळण भरपूर. नवऱ्याच्या कंपनीतलं कुणी ना कुणी अमेरिकेला निघालेलं असायचंच, आणि त्याच्या बॅगेत लेकासाठी चकल्या, कडबोळी, शेव गेलीच पाहिजे. दर खेपेला दीड-दोन किलो. तळण त्यांचं आणि जाळ्या माझ्या.

एका रविवारी माझा तोल गेला. त्यांनी आदल्या दिवशी शेव पाडली होती आणि वाटी काठोकाठ भरलेली. ती काढताना माझ्या हातून सांडली, काळं तेल ओट्यावरून थेट माझ्या गाऊनवर. मी तशीच टेबलाशी बसले, स्केचपेन घेतलं आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं:

ही चिमणी आपोआप स्वच्छ होत नाही. दर रविवारी एक माणूस ती घासतो. त्या माणसालाही रविवार असतो. – हुकमावरून.

कागद चिमणीच्या दर्शनी भागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवला. आमच्या गावात मनातलं तोंडाने बोलण्याऐवजी पाटी लावायची रीतच आहे. फाटकावर, जिन्यात, घंटेच्या बटणाशेजारी. मी ती ओट्यावर आणली, एवढंच. सासूबाईंनी चष्मा लावून पाटी वाचली आणि पोट धरून हसल्या, इतक्या की त्यांना ढास लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या मुद्दाम स्वयंपाकघरात नेऊन दाखवायच्या, "आमच्या सूनबाईंची पाटी बघितलीत का?" लोक हसायचे. मलाही आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर जाळ्या कमी मळायला लागल्या. आधी वाटलं, सोड्याचं प्रमाण जमलंय. पुढे तर महिन्याने काढल्या तरी नुसत्या फडक्याने पुसल्या जायच्या. वाटीत तेलाचे चार थेंब. मी सोसायटीतल्या बायकांना सांगायचे, "पद्धत असते हो. पहिल्यापासून नीट घासली की मळत नाही." माझे रविवार मोकळे झाले. मी नऊ-नऊपर्यंत झोपायचे. गावात नवीन मॉल निघाला होता, तिथे मैत्रिणींबरोबर काही घ्यायचं नसताना सरकत्या जिन्यावरून वर-खाली करायचे.

मला दिसत होतं ते सगळं आता सांगते, कारण दिसलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. फ्रिजवरच्या कव्हराला चिकटा धरायचा. ट्यूबलाइटभोवतीचं छत पिवळं पडलं होतं. पंख्याच्या पात्यांवरची धूळ हाताला ओशट लागायची. मी खालच्या मजल्यावरच्यांना नावं ठेवली, त्यांच्याकडे रोज मासे तळतात म्हणून. आणि ती माझी पाटी. तेलाने तिचा कागद भज्यांखालच्या कागदासारखा आरपार दिसायला लागला, अक्षरं फुटली. मी काय केलं असेल? जुनी काढून नवी लिहिली. एकदा नव्हे, दोनदा. अक्षर आणखी सुबक काढलं. आतली जाळी कोरी आणि बाहेरचा कागद तेलात भिजलेला, हे कसं, असं माझ्या मनात आलं नाही. आणि मला पगार मिळायचा तो चुका शोधायचा!

संध्याकाळी बसमधून उतरून मी दार उघडलं की चिमणी घों-घों चालू असायची. रोज. एकदा बघितलं तर गॅस बंद, भाजी झाकून ठेवलेली, कढईसुद्धा कोमट. मी म्हटलं, "अहो आई, गॅसवर काही नाही आणि चिमणी कशाला चालू?"

"वास जाऊ दे म्हणून गं," त्या म्हणाल्या.

"विजेचं बिल काय वास भरणार आहे?"

त्यांनी बटण बंद केलं.

तोवर त्यांचा दमा वाढत चालला होता. आधी सोसायटीच्या फाटकापर्यंत जायच्या, मग जिन्यापर्यंत, मग हॉलमधल्या खुर्चीपासून देवघरापर्यंत जायलाही मध्ये थांबायला लागायचं. वाक्य पुरं व्हायच्या आधी श्वास संपायचा. डॉक्टरांनी औषधं बदलली, इन्हेलरचा फवारा वाढवला. दर वेळी विचारायचे, "घरात धूर होतो का?" मी दर वेळी ताठ मानेने सांगायचे, "छे हो, चिमणी आहे ना!" सासूबाई शेजारी बसलेल्या असायच्या, मांडीवर पर्स घट्ट धरून, समोरच्या भिंतीकडे बघत.

मग डॉक्टर म्हणाले, कबुतरं असतील. मी बाल्कनीला जाळी ठोकून घेतली. कापसाच्या गाद्या काढल्या. पडदे काढले. शेवटी देवापुढची उदबत्ती बंद केली. सासूबाईंनी साठ वर्षांत एक दिवस चुकवली नव्हती ती. मी पुडा उचलून शेजारणीला देऊन टाकला. त्या एवढंच म्हणाल्या, "निरांजन तरी चालेल ना गं?" मी म्हटलं, "नको. धूर तो धूर." असं म्हणाले मी!

पाटी लावून दीड वर्ष झाल्यावर चिमणीच्या कंपनीने सर्व्हिसिंगला माणूस पाठवला. चाळिशीचा, अमरावतीकडचा, पोटापाण्यासाठी पुण्यात आलेला. शनिवारची सकाळ होती. त्याने जाळ्या काढल्या, आत टॉर्च मारला, बोट फिरवून बघितलं. मी शाबासकीच्या तयारीत उभी.

"मॅडम, हे वापरत नाही काय जी तुमी?"

"म्हणजे? रोज वापरतो. मी घासते ना ती नीट."

"घासून असं होत नाही. हा पंखा पाहा, कोरा हाय. याला तं तुमी हातच लावू शकत नाही, तरी कोरा हाय. पंधराएक मिनिटं चालवत असाल दिवसाची, ते बी कढई उतरल्यावर." मग त्याने माझ्या पाटीवर अंगठा दाबला आणि तेलाने चमकणारा अंगठा मला दाखवला. "तेल सगळं बाहेर हाय. आत गेलंच नाही."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "चहा घेणार का हो?"

मला रोजची ती घों-घों आठवली. सासूबाईंना खिडकीतून कोपऱ्यावर माझी बस दिसली की त्या चिमणी लावायच्या. मी पायऱ्या चढून, दार उघडून आत येईपर्यंतचीच ती चिमणी. फोडणी, तळण, वाटण परतणं, सगळं त्याआधी व्हायचं, सुट्टीच्या दिवशी मी उठायच्या आत नाहीतर मॉलमध्ये असताना, पदर नाकाला लावून. चकल्या, कडबोळी, सगळं. दीड वर्ष.

सर्व्हिसिंगवाला गेल्यावर मी काय करावं? रडावं, पाय धरावेत. मी ओरडले. "तुम्हाला कळतं का काही? जीव जाईल तुमचा! कशासाठी आणली होती ती? पूजेला?"

त्या खुर्चीत बसल्या, दोन-तीन श्वास जमवले. मग शांतपणे म्हणाल्या, "तूच लिहिलंस ना, त्या माणसालाही रविवार असतो."

"अहो, ती गंमत होती!"

"हो? मला वाटलं, तू दमतेस."

मग हलकेच म्हणाल्या, "आणि नवी वस्तू चांगली राहिली. तुझे रविवारही वाचले की नाही?" हे बोलताना त्या हसत होत्या. त्यात टोमणा होता का, हे मी पुष्कळदा मनाशी तपासून पाहिलं. नव्हता. टोमणा मारणारी त्या घरात मी एकटीच होते.

मी पाटी टराटरा फाडली. चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे स्टीलवर राहिले. त्या दिवसापासून ओट्याचा ताबा घेतला, संध्याकाळी बाई लावली, तिला चिमणी तिसऱ्या बटणावर ठेवायची शपथ घातली. पण डॉक्टर म्हणाले होते तेच खरं झालं, गेलेलं परत येत नाही. महिनाभरात सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. बारा दिवस. डॉक्टरांनी तिथेही विचारलं, "चिमणी वापरत होता ना?" या वेळी मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते फाइलमध्ये काहीतरी लिहायला लागले.

घरी आणलं ते ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊनच. त्यांची खाट मी स्वयंपाकघरापासून सगळ्यांत लांबच्या खोलीत हलवली. मी रजा काढली होती. रोज सकाळी मऊ भात आणि मुगाचं वरण. वरणाला तेवढी चमचाभर तुपाची फोडणी, कारण बिनफोडणीचं त्यांना घशाखाली उतरत नव्हतं. मी आधी चिमणी लावायचे, दारं बंद करायचे आणि मगच गॅस पेटवायचे. तो आवाज तरीही त्यांच्यापर्यंत जायचा. एकदा ताट घेऊन गेले तर नळी नाकातून जराशी बाजूला करून म्हणाल्या, "बंद कर गं ती. मळेल."

"मळू दे हो आई."

"रविवारी तुलाच घासायचीय."

"घासीन. आवडतं मला."

त्यांना हसू आलं. "खोटं बोलायला तुला जमत नाही," म्हणाल्या. मी वरण-भात भरवला. चार घास खाल्ले त्यांनी.

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या, सकाळी, मी त्यांचं कपाळ पुसत असताना. नवरा दुसऱ्या दिवशी पोचला. विमानतळावरून येताना टॅक्सीत त्याने एकच प्रश्न विचारला, "चिमणी होती ना गं?" मी म्हटलं, "होती." त्याच्या बॅगेत खाली शेवेचा एक डबा होता, अर्धा संपलेला. आईने पाठवलेला शेवटचा. शेव संपवायची त्याची हिंमत होत नव्हती आणि मला तो डबा बघवत नव्हता.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. पंगती घरातच झाल्या, नातेवाइकांतल्या बायका पोळ्या लाटत, पुऱ्या-वडे तळत होत्या आणि मी येता-जाता बघत होते, चिमणी चालू आहे ना. कुणी बंद केली की मी पुन्हा लावायचे. एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "अगं, केवढा तो आवाज! डोकं उठलं." मी ऐकलं नाही.

चौदाव्या दिवशी रविवार होता. पाहुणे गेले होते. मी ड्राय बाल्कनीत पेपर अंथरले, पाणी कढत केलं, सोडा घातला आणि जाळ्या काढल्या. त्या हातात जड लागल्या. भोकं पार बुजलेली, तपकिरी चिकटा लोंबत होता, वाटी काठोकाठ भरलेली. दीड वर्षांत एवढ्या मळलेल्या जाळ्या मी पाहिल्या नव्हत्या. मी त्या मांडीवर घेऊन तशीच खाली बसले. साडीला तेल लागलं, लागू दिलं. एवढं सगळं त्यांच्या छातीत गेलं होतं, रोज, थोडं थोडं, आणि मी मॉलमध्ये फिरत होते.

नवरा चहाचा कप घेऊन दारात आला. त्याने जाळ्यांकडे बघितलं. त्याला मी अजून काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तोच बोलला.

"काय अवस्था झालीय गं हिची पंधरा दिवसांत," तो म्हणाला. "आई होती तेव्हा कशी लख्ख असायची! फोनवर दर वेळी सांगायची, नाही?"

मी हो म्हटलं आणि ब्रश उचलला.